मोडापाशी थांबलेला धडा

भिजवलेल्या मटकीला मोड आले की आपल्याकडे बीजाचा धडा संपतो. जूनमध्ये शाळा सुरू होते, जुलैत वर्गाच्या खिडकीत ओल्या कापसावर चार मूग ठेवले जातात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरं टोक बाहेर येतं, मुलं हरखून जातात, वहीत चित्र काढून होतं आणि आठवड्याभरात तो कापूस केराच्या टोपलीत जातो. मग कधीतरी पुढच्या धड्यात फूल येतं: पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर, बाणांनी नावं दाखवलेली आकृती. मोड आणि फूल यांच्यामधली महिना-दीड महिन्याची वाट मात्र वर्गात कुणी चालत नाही, आणि फुलापासून पुन्हा बीपर्यंतची वाट तर बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते. लहान मुलांना बीजाविषयी काही शिकवायचं असेल तर ते बीपासून बीपर्यंत शिकवावं, असं माझं म्हणणं आहे. अर्ध्यावर सोडलेला धडा थोडं कमी शिकवतो एवढंच नाही. काही गोष्टी तो चुकीच्या शिकवतो, आणि त्या चुका शिक्षण संपल्यावरही माणसाबरोबर राहतात.

अर्ध्यावर थांबण्याची ही सवय शाळेपुरती नाही. वनस्पतीशी आपली गाठ पडते ती आपल्या उपयोगाच्या टप्प्यावर. कडधान्याची उसळ मोडाच्या टप्प्यावर होते. मेथी, पालक, कोथिंबीर फुलोरा येण्याआधी कापली जाते, कारण फुलावर आलेली भाजी जून झाली म्हणून कुणी घेत नाही. झेंडू दसऱ्याच्या तोरणासाठी, जास्वंद पूजेसाठी, अबोली-मोगरा वेणी-गजऱ्यासाठी उमलता उमलता तोडला जातो. यात वावगं काही नाही, खाणं आणि पूजा दोन्ही आपली आहेत. पण शहरातल्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या नजरेला याचा परिणाम असा होतो, की त्याला मोड माहीत असतो, जुडी माहीत असते, हार माहीत असतो, पण यातल्या कशाचं पुढे काय होतं हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. फोडणीशेजारच्या डब्यातले धने आणि पोह्यांवर भुरभुरलेली कोथिंबीर हे एकाच झाडाचे दोन टप्पे आहेत, हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतं. कोथिंबिरीचा वाफा न कापता ठेवला तर ती उंच वाढते, पानं बारीक होत जातात, पांढरी छत्रीसारखी फुलं येतात आणि त्या छत्रीच्या काड्यांवर हिरवे धने धरतात. शालेय पोषण आहारासाठी आता अनेक शाळांत परसबागा आहेत. त्यातला हातभर कोपरा न कापता राखला, तर स्वयंपाकघरातली ही दोन नावं मुलाच्या डोळ्यांदेखत जोडली जातील.

फूल कशासाठी असतं, हा प्रश्न मोठ्यांना उगाच सोपा वाटतो. युरोपातल्या विद्वानांनाही त्याचं उत्तर प्रयोगाने मिळायला सतरावं शतक संपत आलं होतं. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ काम्मेरारियस यांनी १६९४ मध्ये आपले निष्कर्ष एका दीर्घ पत्रातून मांडले. त्यांच्या प्रयोगातलं एक झाड आपल्याकडे कुठल्याही उकिरड्याच्या कडेला उभं असतं, ते म्हणजे एरंड. एरंडाच्या तुऱ्यावर नर-फुलं वेगळी आणि मादी-फुलं वेगळी असतात. काम्मेरारियस यांनी नर-फुलं उमलण्याआधीच काढून टाकली, आणि झाडाला धड बी धरलं नाही. परागाशिवाय बी नाही, म्हणजे फूल हा शोभेचा अलंकार नसून बी घडवणारा अवयव आहे, हे त्यातून दिसलं. शेती तर माणूस हजारो वर्षं करत होता. इतकी वर्षं समोर फुलणारी गोष्ट कळायला जर प्रयोग करावा लागला, तर सात वर्षांच्या मुलाला ती आकृतीतल्या बाणांवरून कळेल, ही अपेक्षा फार आहे.

आता अर्ध्या धड्यातून रुजणाऱ्या चुकीच्या समजुतींकडे पाहू. पहिली समजूत अशी, की बी ही निर्जीव वस्तू आहे. इस्रायलमधल्या रूथ स्टेव्ही आणि नेओमी वॅक्स यांनी १९८९ मध्ये शाळकरी मुलांच्या वनस्पतींविषयीच्या कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणी सजीव आहेत याबद्दल मुलांना शंका नव्हती, वनस्पतींबद्दल मात्र अनेकांची खात्री नव्हती, आणि याचा काही संबंध हिब्रू भाषेतल्या शब्दांशी असावा असं अभ्यासकांनी सुचवलं, कारण त्या भाषेत प्राण्यासाठीचा शब्द आणि जिवंत असण्याचा शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. मराठीची या बाबतीत मुलांना मदतच होते. लावलेलं रोप तगलं की आपण म्हणतो, त्याने जीव धरला. पण कोरडं, टणक, डब्यात वर्षभर न हलता पडलेलं बी जिवंत आहे हे भाषेनेही पटत नाही. ते पटवायला तीन वाट्या पुरतात. एकीत भिजवलेले हरभरे, दुसरीत तितकेच भिजवलेले फुटाणे, तिसरीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ. तिन्ही एकाच दाण्याची रूपं, पाणी तेच, जागा तीच. दोन-तीन दिवसांत हरभऱ्याला मोड येतात. फुटाणे भट्टीत भाजलेले असतात आणि डाळीत दाणा फोडून आतला अंकुर निघून गेलेला असतो, म्हणून ती दोन्ही फुगतात आणि नासतात. काय मेलं, कशाने मेलं, आणि मेलं म्हणजे आधी जिवंत होतं का, हे प्रश्न मग मुलंच विचारतात. बीजातला जीव किती काळ दम धरून राहू शकतो, याचं विलक्षण उदाहरण इस्रायलमध्येच आहे. मसादाच्या किल्ल्यावरच्या उत्खननात सापडलेली खजुराची बी सुमारे २००० वर्षांची होती. ती २००५ मध्ये पेरली आणि रुजली. लहान मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी, पण फुटाण्यांच्या वाटीनंतर.

दुसरी समजूत जास्त चिवट आहे: झाड माती खाऊन वाढतं. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राने १९९७ मध्ये केलेल्या एका चित्रफीत-मालिकेत नामांकित विद्यापीठांतून नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणांना एक छोटं बी आणि लाकडाचा ओंडका दाखवून विचारलं होतं, एवढं वजन आलं कुठून? उत्तरं आली मातीतून, पाण्यातून. झाडाच्या कोरड्या वजनाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे शाळेत शिकूनही त्यांना सुचलं नाही. मातीचा वाटा किती थोडा असतो हे यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट यांच्या प्रयोगाने दाखवलं, त्याचं वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापलं गेलं. त्यांनी २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरून ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांच्या वर गेलं होतं आणि माती घटली होती जेमतेम दोन औंस. हवेचा वाटा त्यांना माहीत नव्हता, म्हणून सगळं श्रेय त्यांनी पाण्याला दिलं. पण झाड माती खात नाही, एवढं त्यांच्या तराजूने निर्विवाद सांगितलं. पहिली-दुसरीच्या मुलांना प्रकाशसंश्लेषण शिकवायची गरज नाही. कापसावर मूग वाढतो तिथे माती नाहीच, मग पहिल्या आठवड्यात तो जेवतो काय, एवढं विचारलं तरी पुरे. उत्तर रोपावरच असतं. मुगाच्या दोन डाळी देठाबरोबर वर येतात, दिवसेंदिवस सुरकुततात, पातळ होतात आणि गळून पडतात. आपण ज्याला डाळ म्हणतो ती त्या रोपाची वाटेवरची शिदोरी होती. नुसत्या कापसावर ठेवलेलं रोप शिदोरी संपली की काही आठवड्यांत खुंटतं, कुंडीतलं पुढे जातं. माती जेवण पुरवत नसली तरी आधार, पाणी आणि चिमूटभर क्षार पुरवते, हा भेद या दोन रोपांच्या तुलनेतून जितका स्वच्छ दिसतो तितका व्याख्येतून दिसत नाही.

उजेडाविषयीचा धडा तर आपल्या घरात दरवर्षी मांडला जातो. नवरात्रात घट बसवताना पत्रावळीवर शेतातली माती पसरून धान्य पेरतात, रोज पाणी घालतात, आणि दसऱ्याला ते अंकुर टोपीत खोवतात, केसांत माळतात. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढलेले हे अंकुर लांब, नाजूक आणि पिवळसर असतात. त्या पिवळ्या रंगाला घरोघरी मान आहे आणि तो असू द्यावा. शेजारी दुसऱ्या पत्रावळीत तेच धान्य त्याच दिवशी पेरून ती अंगणात किंवा गॅलरीत उन्हात ठेवली, की नवव्या दिवशी मुलांपुढे दोन वेगळी शेतं उभी राहतात: एक उंच पिवळं, एक बुटकं हिरवं. जास्त उंच ते जास्त सशक्त, असा मुलांचा पहिला कौल येण्याची दाट शक्यता आहे. तो येऊ द्यावा. अंधारातलं रोप उजेड शोधण्यासाठी शिदोरी खर्चून लांबत जातं आणि उजेडाशिवाय त्याला हिरवा रंग धरता येत नाही, हे पिवळी पत्रावळ दोन दिवस उन्हात आणून ठेवल्यावर तिचा बदलता रंगच सांगू लागतो. बी रुजायला उजेड लागतोच असं नाही, रोप वाढायला मात्र तो लागतो, हा बारकावाही इथेच कळतो.

बीपासून बीपर्यंतचा प्रवास एका सत्रात बसवायचा तर झाड नीट निवडायला हवं. मूग यासाठी फार सोयीचा. पेरल्यावर चार-पाच दिवसांत वर येतो, साधारण पाच-सहा आठवड्यांत फुलावर येतो आणि साठ-सत्तर दिवसांत शेंगा वाळतात. जूनअखेर पेरला तर सप्टेंबर उजाडता उजाडता, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीच्या कितीतरी आधी, दाणे हातात. बी वाण्याकडचंच, खर्च नगण्य. आणि पाहण्यासारखंही पुष्कळ. डाळींनंतरची पहिली दोन पानं एकेकटी असतात, पुढचं प्रत्येक पान तीन पर्णिकांचं येतं. असं का, याचं उत्तर बाईंनाही येत नसेल तर हरकत नाही, पण हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं त्याचं नाव फळ्यावर लिहावं. फूल आलं की खरा धडा सुरू होतो. प्रत्येक मुलाने एक फूल निवडून त्याच्या देठाला सैलसा रंगीत दोरा बांधावा आणि रोज तेच फूल पाहावं. फिकट पिवळ्या पाकळ्या लवकरच मलूल होऊन गळतात. मूल म्हणतं, फूल मेलं. त्याच दोऱ्यापाशी चार दिवसांत हिरवी बारीक शेंग दिसते. फुलाचं शेंगेत रूपांतर होतं हे वाक्य आणि माझ्या दोऱ्यातलं फूल शेंग झालं हा अनुभव, यांत जे अंतर आहे ते भरून काढणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

मुगाचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर काम भागवतं, त्यामुळे मधमाशीचं काम त्यात दिसत नाही. ते पाहायला कुंपणावर लाल भोपळ्याचा एक वेल चढवावा. त्याची नर-फुलं लांब सडपातळ देठावर येतात, मादी-फुलाखाली मात्र सुरुवातीपासूनच गोटीएवढा भोपळा असतो. उद्या उमलणार अशा दोन मादी-कळ्या निवडायच्या, एकीवर संध्याकाळीच मलमलीची पिशवी बांधायची, दुसरी मोकळी सोडायची. मोकळीवर सकाळी माश्या येतात, आणि परागीभवन झालं तर ती गोटी फुगू लागते. पिशवीतली पिवळी पडून गळते. काम्मेरारियस यांच्या एरंडापेक्षा हा प्रयोग सोपा, आणि यातून निघणारी गोष्ट तीच. तेरडाही लावावा, पण वेगळ्या कारणासाठी. कोकणात अनेक घरांत तेरड्याची गौर बसते, त्यामुळे फूल ओळखीचं असतं. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हणही कानावरून गेलेली असते. रंग गेल्यानंतरच्या फुगीर बोंडाला हात लावल्यावर ते फट्दिशी फुटतं आणि बिया उडतात, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. म्हण जिथे थांबते तिथून पुढे तेरड्याचं सर्वांत महत्त्वाचं काम चालू होतं.

यावर पहिला आक्षेप वयाचा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना एवढं लांबलचक चक्र कसं कळणार? मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन हिकलिंग आणि सुसान गेलमन यांनी अमेरिकेतल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. साडेचार वर्षांच्या आसपासच्या मुलांना बी त्याच जातीच्या झाडापासून येतं आणि रोपाची वाढ माणसाच्या इच्छेने नव्हे तर ऊन-पाण्यासारख्या निसर्गातल्या कारणांनी होते, याची बऱ्यापैकी समज असल्याचं त्यात दिसलं. म्हणजे चौकट मुलाकडे आधीच असते, आतला तपशील नसतो. तो पुरवायला परागकोश, अंडाशय असे शब्द लागत नाहीत. किंबहुना ते शब्द लवकर आले की मूल पाहणं सोडून पाठ करू लागतं. भुकटी, गोटी, दोरा, शेंग एवढ्या शब्दांवर दुसरीपर्यंतचं काम निभावतं.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. मोबाइलवर दोन मिनिटांत बी फुटून फूल उमलताना दिसतं, मग दोन महिने कशाला घालवायचे? अशा चित्रफिती नव्या नाहीत. पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्येच फुलांचं उमलणं वेगाने दाखवणारा चित्रपट केला होता, आणि डोळ्याला न दिसणारी हालचाल दाखवण्यासाठी ते तंत्र आजही उत्तमच आहे. पण वेळ आखडून दाखवताना त्यातून वेळच निघून जातो. रविवारी पाणी घालायचं राहिलं, सोमवारी रोप मान टाकून होतं आणि दुपारपर्यंत पुन्हा ताठ झालं, हे चित्रफितीत घडत नाही. दहा दाण्यांतले तीन उगवलेच नाहीत, हेही घडत नाही. वाट पाहणं हा इथे धड्याचा विषयच आहे. वाढ ही रोज थोडी होणारी आणि रोज न दिसणारी गोष्ट आहे. पट्टीने मोजून भिंतीवर लावलेल्या कागदी पट्ट्यांच्या रांगेत ती दिसते, आणि तसा आलेख काढणं दुसरीतल्या मुलालाही जमतं. चित्रफीत दाखवायचीच तर शेवटी दाखवावी, म्हणजे ती कुठे काय गाळते हे मुलांच्या लक्षात येईल.

जागा, वेळ आणि परीक्षा यांची अडचण खरी आहे, ती झटकून टाकण्यात अर्थ नाही. साठ मुलांचा वर्ग, फरशी घातलेलं पटांगण, वर्षभर चालणारी माहिती भरण्याची कामं, यांत बाईंनी मूग कुठे पेरायचे? कापलेले तेलाचे डबे, दुधाच्या पिशव्या आणि ऊन लागणारी एक भिंत इतकं जमलं तर गटागटाने काम होतं, आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटं पुरतात. साधनांच्या गरिबीवर मात करण्याचा वारसा महाराष्ट्राला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवलं. विकत आणलेल्या महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शंख-शिंपले त्यांच्या बालवाडीत आले. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा कुरणशाळेच्या रूपाने शाळाच त्यांच्याकडे गेली. त्याआधी शंभर वर्षं जर्मनीत फ्रोबेल यांनी आपल्या शाळेलाच किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं होतं आणि तिथे प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा आणि सर्वांचा मिळून एक सामायिक वाफा असावा असा त्यांचा आग्रह होता. आज त्या नावाच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी बाग नाही, याची मात्र खंत वाटते.

तिसरा आक्षेप शेतकऱ्यांच्या मुलांविषयीचा: त्यांना हे सगळं आधीच माहीत असतं, मग कशाला? खरंच माहीत असतं, आणि बाईंपेक्षा जास्त असतं. ऐन काढणीला झड लागली तर मुगाला शेंगेतच मोड फुटतात आणि घरात चिंता पसरते, हे मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या मुलाने पाहिलेलं असतं. बी रुजायला माती लागत नाही, पाणी, हवा आणि ऊब लागते, याचा यापेक्षा बोलका पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार? धने पेरण्याआधी चपलेखाली रगडून दोन करतात हे त्याला माहीत असतं. एका धन्यात दोन बिया असतात म्हणून तसं करतात, हे वर्गाने मिळून शोधता येईल. अडचण एवढीच, की त्याचं हे ज्ञान शाळा कधी विचारत नाही, आणि जे विचारलं जात नाही ते ज्ञानच नव्हे असं त्याला हळूहळू वाटू लागतं. मूग पेरलेल्या वर्गात ते मूल पहिल्यांदा बाईंना दुरुस्त करू शकतं.

राहता राहिला रोपं मरण्याचा प्रश्न. ती मरणारच. जास्त पाण्याने कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात, मावा पडतो, पटांगणातला चेंडू कुंडीवर येतो. मुलांना वाईट वाटेल म्हणून रात्रीतून नवीन रोप आणून ठेवण्याचा मोह मोठ्यांना होतो, तो टाळावा, कारण त्याने मुलाच्या हातातला पुरावाच नाहीसा होतो. गेलेलं रोप उपटून त्याची मुळं पाहावीत, जगलेल्याच्या मुळांशेजारी ठेवावीत. जगलेल्या मुगाच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात, हवेतला नत्र बांधणारे जिवाणू त्यांत राहतात. त्या गाठी दिसण्यासाठी एखादं जिवंत रोपही उपटावं लागेल, आणि कुणाचं उपटायचं हे वर्गाने आपसात ठरवावं.

सप्टेंबरात शेंगा काळपट होऊन वाळल्या, की प्रत्येकाने आपल्या दोऱ्याची शेंग सोलावी आणि दाणे मोजावेत. एका चांगल्या शेंगेत दहा-बारा निघतात, कुणाच्या चारच निघतील, कुणाच्यात किडा असेल. निरोगी दाणे उन्हात खडखडीत वाळवून, थोडी राख मिसळून काचेच्या बरणीत ठेवावेत आणि बरणीवर पेरल्याची तारीख, काढल्याची तारीख, दाण्यांची संख्या आणि मुलांची नावं लिहावीत. जूनमध्ये ती बरणी दुसरीत गेलेल्या मुलांनी पहिलीच्या नव्या मुलांसमोर उघडावी, त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत, आणि चौथ्या दिवशी फडकं सोडण्यापूर्वी किती रुजले असतील याचा अंदाज सर्वांनी आपापल्या पाटीवर लिहून ठेवावा.